मर्जी की मूल्यमापन?

मार्च महिना सरत आला की तालुक्याच्या गावी एक निराळीच लगबग सुरू होते. घनसावंगीही त्याला अपवाद नाही. तहसील, पंचायत समिती, बँका, शाळा, आरोग्य केंद्रे, सगळीकडे हिशेब मिटवण्याची घाई असते. वसुली किती झाली, अनुदान किती खर्ची पडले, किती परत गेले, याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते. परंतु ३१ मार्चला आणखी एक खाते बंद होत असते आणि त्याची चर्चा सहसा कोणी मोठ्याने करत नाही. ते खाते माणसाचे. वर्षभर राबलेल्या कर्मचाऱ्याविषयी त्याचा वरिष्ठ चार ओळी लिहितो, एक श्रेणी देतो, खाली सही करतो. ह्या चार ओळींना आपण 'गोपनीय अहवाल' म्हणत आलो, नोकरदारांच्या बोलीत 'सी.आर.' म्हणत आलो. अलीकडे त्याला 'कार्यमूल्यमापन अहवाल' असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव बदलले, पण त्या चार ओळींचे वजन बदललेले नाही. एखाद्या घराची पुढची वीस वर्षे त्या उचलतात किंवा दाबून ठेवतात.

ह्या विषयाला साहित्याच्या आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात जागा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे एक-दोन पिढ्यांपूर्वी दुसऱ्यांच्या शेतात राबत होती. मिशनच्या शाळेतून लिहिती-वाचती झालेली त्यांची मुले शिक्षक झाली, परिचारिका झाली, कारकून आणि वाहनचालक झाली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा जिल्ह्याच्या कचेऱ्या जवळ आल्या. त्यांची नातवंडे आज जालन्याच्या पोलाद कारखान्यांत, वाळूजला आणि पुण्याच्या संगणक कंपन्यांत आहेत. शेत नाही, दुकान नाही, मागे वाडवडिलांची पुंजी नाही. अशा घराचे सारे भांडवल म्हणजे नोकरी, आणि नोकरीतील वाढ ज्याच्या लेखणीवर अवलंबून असते तो म्हणजे वरिष्ठ. तेव्हा त्या लेखणीची रीत न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे.

मुलाला नोकरी लागली की घरातील वडीलधारी माणसे एक उपदेश हमखास करतात : "साहेबाशी जुळवून घे. साहेबाची मर्जी सांभाळ." ह्या उपदेशाचा अर्धा भाग शहाणपणाचा आहे. ज्याच्याबरोबर रोज आठ तास काढायचे त्याच्याशी नीट वागावे, त्याचा अनुभव मानावा, उगाच शिंगे रोखू नयेत, हे कोण नाकारील? दुसरा अर्धा भाग मात्र विषारी आहे, कारण त्यात काम दुय्यम ठरते आणि मर्जी मुख्य होते.

'मर्जी' हा शब्द आपल्या भागात फार खोल रुजलेला आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. दरबाराच्या आणि जहागिरीच्या त्या काळात मर्जीतला माणूस वर चढे आणि मर्जी खप्पा झाली की खाली येई. त्याला कारण विचारण्याची सोय नव्हती. निजाम गेला, संविधान आले. त्याच्या १४ व्या कलमाने कायद्यापुढे समानता दिली आणि १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी दिली. मर्जी आणि नियम यांतील फरक एवढाच आहे की नियमाला 'का?' असे विचारता येते, मर्जीला विचारता येत नाही. ज्या मूल्यमापनाला 'का?' विचारता येत नाही, ते कितीही सुबक नमुन्यात भरलेले असो, आमच्या मते ती मर्जीच आहे, शिक्का मारलेली मर्जी.

ही यंत्रणा चालते कशी, ते थोडक्यात पाहू. शासकीय सेवेत १ एप्रिल ते ३१ मार्च असे अहवालाचे वर्ष असते. कर्मचाऱ्याने प्रथम स्वतःच्या कामाचे स्वयंमूल्यनिर्धारण लिहावयाचे, मग निकटच्या वरिष्ठाने, म्हणजे प्रतिवेदन अधिकाऱ्याने, अभिप्राय द्यावयाचा आणि त्याच्याही वरच्या पुनर्विलोकन अधिकाऱ्याने तो तपासावयाचा, असा क्रम आहे. शेवटी श्रेणी येते. महाराष्ट्र शासनाच्या श्रेण्यांत 'चांगला' ही एक आहे आणि तिच्या वरची श्रेणी 'निश्चित चांगला' अशी आहे. भाषेच्या जाणकारांनी ह्यावर क्षणभर थांबावे. 'निश्चित चांगला' जर वेगळा असेल, तर नुसता 'चांगला' म्हणजे अनिश्चित चांगला की काय? हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण ज्याची बढती ह्या एका विशेषणावर अडते त्याला हसू येत नाही. पदोन्नतीच्या वेळी मागील काही वर्षांचे अहवाल समोर ठेवले जातात. १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर मिळणारा आश्वासित प्रगती योजनेचा लाभ देतानाही ते पाहिले जातात. वयाच्या ५० व्या किंवा ५५ व्या वर्षी, अथवा ३० वर्षांच्या सेवेनंतर, माणसाला सेवेत ठेवावे की मुदतीपूर्वी घरी पाठवावे, ह्याचा विचारही ह्याच कागदांवरून होतो. अशा रीतीने एका संध्याकाळी घाईने लिहिलेली ओळ सेवानिवृत्तीपर्यंत माणसाच्या मागे फिरत राहते.

ह्या ओळीचे बळ किती, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या 'देव दत्त विरुद्ध भारत सरकार' ह्या खटल्याने दाखवून दिले. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील हे कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता होण्यासाठी लगतच्या पाच वर्षांचे अहवाल 'अतिशय चांगला' असणे आवश्यक होते. त्यांना चार वर्षे तशीच श्रेणी मिळाली होती, पण १९९३-९४ ह्या एका वर्षी 'चांगला' अशी नोंद झाली. ही नोंद त्यांना कळवली गेली नाही, कारण नियमाप्रमाणे केवळ प्रतिकूल शेरे कळवावयाचे असत आणि 'चांगला' हा प्रतिकूल शेरा कसा म्हणावा? डिसेंबर १९९४ मध्ये पदोन्नती समिती बसली आणि त्यांची बढती हुकली. निकाल लागला १२ मे २००८ रोजी. न्यायालयाने सांगितले की ज्या नोंदीमुळे बढती हुकते ती नोंद, तिला नाव कोणतेही द्या, परिणामाने प्रतिकूलच आहे. म्हणून लष्कर वगळता शासनाच्या सेवेतील प्रत्येक माणसाला त्याच्याविषयीची प्रत्येक नोंद, वाईट असो की उत्तम, कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तीविरुद्ध दाद मागता येईल. निकाल लागला तेव्हा ते अभियंते निवृत्त झालेले होते. नोंद सुधारली तर वाढीव निवृत्तिवेतन आणि थकबाकी व्याजासह द्यावी, एवढेच न्यायालयाच्या हाती उरले होते. 'चांगला' ह्या एका शब्दाशी झगडण्यात चौदा वर्षे गेली, आणि दाद लागली तोवर खुर्ची सुटलेली होती.

त्यापूर्वीही न्यायालये हाच मार्ग दाखवीत होती. महाराष्ट्रातील एका सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की न कळवलेल्या प्रतिकूल अहवालाच्या आधारावर माणसाचा लाभ अडवता येत नाही. २३ एप्रिल २०१३ रोजी 'सुखदेव सिंग' खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने देव दत्त प्रकरणातील तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. तेथे दिलेली कारणे मननीय आहेत. नोंद कळली की माणूस सुधारण्यासाठी झटतो. ती अन्यायाची वाटली तर तिच्याविरुद्ध निवेदन करू शकतो. आणि सारी प्रक्रिया पारदर्शक राहते. केंद्र सरकारने मे २००९ मध्येच संपूर्ण अहवाल संबंधितास दाखवण्याचे आणि निवेदनासाठी १५ दिवस देण्याचे आदेश काढले होते. महाराष्ट्र शासनानेही २०११ मध्ये अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला देण्याचा निर्णय घेतला. पाकीट उघडले गेले ते असे.

मग प्रश्न मिटला का? मिटला असता तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पाकीट उघडले, पण तोंडे उघडली नाहीत. प्रत हाती येते, पोच म्हणून सही होते आणि कागद कपाटात जातो. एखादा शेरा डोळ्यांत खुपला तरी नोकरदार मनाशी म्हणतो, "ह्या वर्षी उत्तर दिले तर पुढच्या वर्षी काय लिहितील?" म्हणजे कायद्याने दिलेला हक्क भीतीने परत घेतला. ह्या भीतीला खतपाणी घालणारी जी काही मते आपल्या समाजात प्रतिष्ठित होऊन बसली आहेत, त्यांचा समाचार घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

पहिले मत असे की गुप्तता असल्याशिवाय वरिष्ठ मोकळेपणाने लिहू शकत नाही. आम्हाला हे मान्य नाही. जे तोंडावर सांगण्याची हिंमत नाही ते पाठीमागे लिहिणे ह्याला मोकळेपणा म्हणत नाहीत, त्याला मराठीत चहाडी म्हणतात. गुप्तता कोणापासून हा खरा प्रश्न आहे. शेजाऱ्यापासून, सहकाऱ्यांपासून, गावापासून ती असावी. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात दुसऱ्या कर्मचाऱ्याचा सेवातपशील ही त्याची खासगी माहिती ठरवली, ते योग्यच झाले. परंतु ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यापासूनच ते लपवणे म्हणजे रोग्यापासून रोगाचे नाव लपवून त्याला औषध न घेतल्याबद्दल दोष देणे होय.

दुसरे मत शिस्तीचे. अहवाल दाखवला, जाब विचारू दिला, तर हाताखालची माणसे डोक्यावर बसतील म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. शिस्त बिघडते ती न बोलणाऱ्या वरिष्ठामुळे. अकरा महिने तो काही सांगत नाही. उशीर झाला तरी कपाळाला आठी घालून गप्प बसतो. बाराव्या महिन्यात मात्र 'वक्तशीर नाही' असे लिहितो. चूक दुरुस्त करण्याची वेळ टळल्यावर चुकीची नोंद करणे ह्यात शिस्त कोठे आली? भावाचा अपराध दिसला तर प्रथम त्याला एकट्याला गाठून सांगावे, न ऐकले तर साक्षीदार घ्यावे, आणि मगच प्रकरण मंडळीपुढे न्यावे, असा क्रम मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात आपण वाचतो. आपल्या कचेऱ्यांतून हा क्रम नेमका उलटा झाला आहे. प्रकरण आधी वर जाते आणि माणसाला शेवटी कळते, तेही कधी कधी दुसऱ्याच्या तोंडून.

तिसरे मत नव्या जगातून आले आहे आणि आपली पुण्यातील मुले ते मोठ्या अभिमानाने सांगतात : स्पर्धेचे युग आहे, माणसांची क्रमवारी लागलीच पाहिजे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख जॅक वेल्श ह्यांनी १९८१ नंतरच्या आपल्या कारकिर्दीत ही रीत गाजवली. वरचे २० टक्के गौरवावे, मधले ७० टक्के सांभाळावे, तळाचे १० टक्के काढून टाकावे. आपल्याकडच्या कंपन्यांत ह्याला 'बेल कर्व्ह' म्हणतात. दहा जणांच्या तुकडीत दहाही जण उत्तम काम करोत, एकाला तळाशी बसवलेच पाहिजे. मग तळाला कोण जातो? जो बाळंतपणाच्या रजेवर होती ती, जो वडिलांच्या आजारपणात गावी आला तो, जो साहेबाच्या चहाच्या टोळक्यात नव्हता तो. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ह्या म्हणीला टक्केवारीचा पोशाख चढवला म्हणजे तिचे शास्त्र होत नाही. ज्या मायक्रोसॉफ्टमध्ये ही क्रमवारी अनेक वर्षे चालली तिने ती नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही पुढे ती वाट सोडली. तेथे टाकून दिलेली वस्तू आपण नवी म्हणून मिरवू नये.

ह्या संदर्भात अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग ह्यांचे स्मरण होते. युद्धोत्तर जपानच्या कारखानदारीला ज्यांनी गुणवत्तेचा धडा दिला आणि ज्यांच्या नावाने १९५१ पासून जपानमध्ये पारितोषिक दिले जाते, ते हेच गृहस्थ. माणसाला वर्षातून एकदा गुण देण्याच्या प्रथेला ते व्यवस्थापनाच्या प्राणघातक रोगांपैकी एक मानीत. आपल्या व्याख्यानांत ते एक खेळ करून दाखवीत. एका पेटीत पांढरे आणि तांबडे मणी मिसळलेले असत, त्यात पाचवा हिस्सा तांबड्यांचा. पन्नास खळग्यांची फळी पेटीत बुडवून 'कामगारांनी' फक्त पांढरे मणी काढावयाचे. साहजिकच प्रत्येकाच्या फळीवर तांबडे मणी येतच. मग डेमिंग साहेबाची भूमिका घेऊन कमी तांबडे आलेल्याला शाबासकी देत, जास्त आलेल्याला दटावीत, बडतर्फही करीत. सभागृह हसे, आणि हसता हसता अंतर्मुख होई. कारण तांबडे मणी कामगाराने घातलेले नव्हते, ते पेटीतच होते.

हा खेळ पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. दिवाळी झाली की आपल्या भागातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कोवळी पोरेही आईबापांबरोबर फडावर जातात. वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेचे बाक ओस पडतात. हंगामी वसतिगृहाची योजना वेळेवर सुरू झाली तर काही मुले राहतात, न झाली तर तीही जातात. मार्चमध्ये शाळेच्या तपासणीला येणारा अधिकारी हजेरीपट चाळतो आणि शिक्षकाविषयी लिहितो : 'विद्यार्थी उपस्थिती टिकवण्यात कमी पडतात.' ऊस शिक्षकाने लावला नाही, मुकादमाची उचल त्याने दिली नाही, पावसाने दडी मारली ती त्याच्या सांगण्यावरून नव्हे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. त्याच तालुक्यात कालव्याकाठच्या बागायती गावी शिकवणाऱ्याचे बाक भरलेले असतात आणि तो 'उत्कृष्ट' ठरतो. दोघांच्या कष्टांची तुलना कोणी केली? वरिष्ठाचे पहिले काम हे की पेटीतले तांबडे मणी कोणते आणि माणसाची खरी कसूर कोणती, हे वेगळे करणे. जो ते करीत नाही तो मूल्यमापन करीत नाही, तो नशिबाची नोंद ठेवतो.

ह्याहूनही नाजूक बाजू स्त्रियांची आहे, आणि सभ्यतेच्या नावाखाली ती झाकून ठेवणे आम्हाला पाप वाटते. ज्याच्या हाती अहवाल त्याच्या हाती धाक. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवून घेणे, नको ते बोलणे, आणि तक्रारीची भाषा निघताच 'तुमचा सी.आर. माझ्याकडे आहे' असे सुचवणे, ह्या गोष्टी सांगीवांगीच्या नाहीत. त्या ओळखूनच २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने नोकरीतील लाभाचे आमिष आणि नोकरीतील नुकसानीची धमकी ह्यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्या कायद्याखालच्या नियमांत एक महत्त्वाची तरतूद आहे. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदार स्त्रीच्या कामाविषयी अभिप्राय देण्यास किंवा तिचा गोपनीय अहवाल लिहिण्यास मनाई करता येते आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवता येते. त्यासाठी तिने लेखी मागणी करावयाची असते. आपल्या धर्मग्रामांतील किती मुलींना हे ठाऊक आहे? घरातील पुरुषांनी तरी हे वाचून त्यांना सांगावे.

वरिष्ठांवरही आम्ही अन्याय करू इच्छित नाही. एकेका अधिकाऱ्याला पुष्कळ अहवाल लिहावे लागतात. वर्षाच्या मध्येच बदली होते आणि ज्याचे काम पुरते पाहिले नाही त्याच्याविषयी मत द्यावे लागते. वरून दडपण येते, खालून शिफारशी येतात. ह्यातून काहींनी सोपी वाट काढली आहे : सगळ्यांना 'उत्कृष्ट' लिहून मोकळे व्हावयाचे. ही दया नव्हे. ज्याने जीव ओतून काम केले आणि ज्याने खुर्ची उबवली, त्या दोघांना एकाच मापाने मोजणे हाही अन्यायच आहे. फक्त त्याविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही इतकेच. खोटी स्तुती आणि खोटी निंदा ह्या जुळ्या बहिणी आहेत.

आता आपल्या घराकडे वळू. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांवर बोट ठेवणे सोपे. ख्रिस्तसभेच्या वतीने चालणाऱ्या शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने ह्यांत काय चालते? तेथेही वरिष्ठ आहेत. ते आमच्यासारखे धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत. १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्याची १९८१ ची नियमावली स्वच्छ सांगते की प्रत्येक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल दरवर्षी लिहिला पाहिजे, प्रतिकूल शेरे मुदतीत लेखी कळवले पाहिजेत, आणि हे केले नाही तर त्या वर्षीचे त्याचे काम समाधानकारक होते असेच धरले जाईल. परिविक्षेवरील शिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन वस्तुनिष्ठ रीतीने करून त्याची नोंद ठेवावी, असेही तीत सांगितले आहे. बढतीत डावलले गेलेल्याला शाळा न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग त्या कायद्याने दिला आहे.

हे सारे असताना काही ठिकाणी काय दिसते? तरुण शिक्षिका परिविक्षेवर दोन वर्षे शिकवते. वर्गावर कोणी येऊन बसत नाही, काय चुकते ते कोणी सांगत नाही, नाताळच्या कार्यक्रमाची सारी धावपळ मात्र तिच्यावर असते. आणि वर्षाअखेर एक पत्र हाती पडते : 'आपले काम समाधानकारक नाही.' विचारायला गेले तर 'वरून निर्णय झाला' असे उत्तर मिळते. ती गरीब घरची, त्यातून आपलीच. फादरांविरुद्ध कसे बोलावे म्हणून घरचेही गप्प बसतात. ह्या गप्पपणाला काही लोक श्रद्धा म्हणतात. आमच्या मते ती श्रद्धा नव्हे, तो 'मर्जी'चाच जुना अंमल आहे, फक्त झगा बदलला आहे. धर्मगुरूचा मान वेदीपाशी आणि त्याच्या सेवेपाशी आहे. शाळेचा व्यवस्थापक ह्या नात्याने तो नियमाला बांधलेला एक अधिकारी आहे. परमगुरू तेरावे लिओ ह्यांनी १८९१ मध्ये आणि परमगुरू दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ मध्ये श्रमिकांच्या प्रतिष्ठेवर परिपत्रके काढली. ती परिपत्रके आम्ही व्याख्यानांतून उद्धृत करतो. ती आपल्याच शाळेच्या शिक्षकखोलीत लागू होत नसतील तर कारखान्यांच्या मालकांना ती ऐकवण्याचा आम्हाला काय अधिकार?

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. आमचे म्हणणे आम्ही तीन विनंत्यांत मांडतो.

नोकरदारांना विनंती अशी की आपल्या कामाची नोंद आपणच ठेवा. महिन्याच्या शेवटी वहीत चार ओळी लिहा : कोणते काम सोपवले, कोणते पार पडले, काय अडले आणि ती अडचण कोणाला कळवली. स्वयंमूल्यनिर्धारणाचा रकाना अनेक जण 'नेमून दिलेली कामे केली' एवढ्यावर सोडतात. तो रकाना म्हणजे तुमची जबानी आहे, ती वाया घालवू नका. अहवालाची प्रत मागा. शेरा अन्यायाचा वाटला तर मुदतीच्या आत, शिवीगाळ न करता, तारखा आणि दाखले देऊन निवेदन करा. शेरा खरा असेल तर तोही खुल्या मनाने स्वीकारा, कारण प्रत्येक प्रतिकूल शब्द सूडाचा नसतो. खासगी कंपनीत ह्या निकालांचा थेट आधार मिळत नाही, म्हणून तेथे लेखी नोंदीचे महत्त्व अधिकच आहे. साहेबाशी झालेले बोलणे त्याच दिवशी दोन ओळींच्या पत्राने पक्के करून ठेवावे.

वरिष्ठांना विनंती अशी की लिहिण्याआधी बोला, आणि वर्षातून एकदा नव्हे, तीन-चारदा बोला. जो शेरा माणसाला समोर बसवून सांगितला नाही तो लिहू नका. जो शेरा एखाद्या प्रसंगाने किंवा आकड्याने दाखवता येत नाही तोही लिहू नका. 'वृत्ती ठीक नाही' हा अभिप्राय नव्हे, ती चीड आहे. आणि माणसाला तोलण्यापूर्वी त्याला दिलेली साधने तोला.

ख्रिस्तसभेच्या संस्थाचालकांना विनंती अशी की येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक शाळेत हे अहवाल नियमाप्रमाणे लिहिले जावेत, त्यांची प्रत दिली जावी, आणि ज्याने अहवाल लिहिला त्याच्याकडे नव्हे, तर दुसऱ्या त्रयस्थ व्यक्तीकडे दाद मागण्याची सोय असावी. ह्याला पैसा लागत नाही. केवळ आपल्या शब्दाला उत्तर येऊ शकते हे सहन करण्याची तयारी लागते.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांनी दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला. अक्षर कसे काढावे, ओळ कशी राखावी, आरंभापासून अखेरपर्यंत वळण कसे एकसारखे ठेवावे, ह्याचा इतका बारकाईने विचार त्यांनी केला. कागदावरच्या अक्षरासाठी जर एवढी निष्ठा हवी, तर ज्या अक्षरांखाली एक जिवंत माणूस उभा असतो, त्याची बायको-मुले उभी असतात, ती लिहिताना किती हवी? मार्चअखेर लेखणी हाती घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे : हे वाक्य मी त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवू शकेन काय? उत्तर 'नाही' असेल तर ते वाक्य खोडावे. आणि ज्याच्याविषयी लिहिले गेले त्याने प्रत हाती घेऊन, ताठ मानेने आणि सौम्य शब्दांत, आपला 'का?' विचारावा. तो विचारण्याचा हक्क त्याला मिळालेला आहे. न वापरलेला हक्क गंजतो, आणि गंजलेल्या हक्काच्या जागी मर्जी पुन्हा येऊन बसते.